मॅकरोनी कोणी केली?

त्या दिवशी पंचेचाळीस ताटं वाढली होती. त्यांतल्या निम्म्याहून अधिक ताटांत माझी मॅकरोनी जशीच्या तशी परत आली. कोंबडी संपली होती, कॉलर्डची भाजी संपली होती, मक्याच्या पावाचा चुरासुद्धा कुणी ठेवला नव्हता. पिवळट पाण्यात बसलेली, वरून करपलेली आणि आतून फुटलेली मॅकरोनी तेवढी उरली होती. रोज टाय आणि हॅट घालून येणारे एक आजोबा काउंटरपाशी आले. तंबाखूच्या कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस, बोलणं अतिशय मऊ. त्यांनी विचारलं, “आज मॅकरोनी कोणी केली?” मी म्हटलं, “मी.” त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, देव तुझं भलं करो म्हणाले आणि ताट ठेवून निघून गेले.

व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंड शहरात वृद्धांसाठी दिवसभर चालणारं एक केंद्र आहे. तिथल्या स्वयंपाकघरात मी अकरा वर्षं काम केलं. मी मूळची यवतमाळची. नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आले, मुलं शाळेत रमली आणि घर खायला उठलं, तेव्हा हे काम धरलं. सकाळी सातला कुलूप उघडायचं, बारा वाजता जेवण वाढायचं, तीनला भांडी आवरून निघायचं. येणारी माणसं बहुतेक सगळी आफ्रिकन-अमेरिकन, सत्तरीच्या पुढची. वर्णभेदाच्या कायद्यांखाली वाढलेली ही पिढी. खाण्याबद्दल त्यांची मतं पक्की होती.

स्वयंपाकघराच्या प्रमुख एक बाई होत्या. इथल्या दक्षिणी रिवाजाप्रमाणे सगळे त्यांच्या पहिल्या नावामागे ‘मिस’ लावून हाक मारत. मी त्यांना मनातल्या मनात बाई म्हणायचे, आपण शाळेतल्या शिक्षिकेला म्हणतो तसं, आणि इथेही तसंच म्हणते. भुईमूग आणि तंबाखू पिकवणाऱ्या गावातून अठराव्या वर्षी शहरात आलेल्या. आधी बरीच वर्षं शाळेच्या कँटीनमध्ये, मग या केंद्रात. त्या दिवशी त्या डॉक्टरकडे गेल्या होत्या, म्हणून मॅकरोनी माझ्या वाट्याला आली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उरलेला ट्रे फ्रिजमधून काढला, चमच्याने कोपरा उचलून पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, “चीज पिशवीतलं घेतलंस ना?” मग त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, की त्यांच्या समाजात थँक्सगिव्हिंगला, नाताळला, कुणाच्या अंत्यविधीनंतरच्या जेवणाला मॅकरोनी ताटात घेण्याआधी माणसं विचारतात, ही कोणी केली? उत्तर पटलं नाही तर घेत नाहीत. बाकी पदार्थ कुणीही आणावेत, मॅकरोनी घरातल्या ठरलेल्या माणसानेच आणावी. ते माणूस गेलं की जागा कोणाची, यावरून बहिणी-बहिणींत बोलणं बंद झाल्याचंही त्यांनी पाहिलं होतं.

मला हे समजायला वेळ लागला नाही. आमच्याकडे पुरणपोळीचं तेच आहे. लग्नघरात पोळ्या लाटायला कोण बसणार हे आधी ठरतं, आणि पंगतीत पहिला घास मोडताच कुणीतरी विचारतं, कुणाच्या हातची?

त्यानंतर तीन महिने मी फक्त चीज किसलं. दर गुरुवारी मॅकरोनीचा दिवस. तेरा इंच बाय नऊ इंचाचे तीन ट्रे, प्रत्येक ट्रेला सातशे ग्रॅम, म्हणजे एका सकाळी दोन किलोंवर चीज चौकोनी किसणीवर. बोटांची सालं निघायची. बाजारात आयतं किसलेलं चीज पिशव्यांतून मिळत असताना हा खटाटोप का, हे मी एकदा विचारलं. बाईंनी पिशवीतला चिमूटभर कीस माझ्या तळहातावर ठेवला आणि चोळायला सांगितला. हाताला पांढरी भुकटी लागली. धागे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यावर बटाट्याचा स्टार्च किंवा सेल्युलोज भुरभुरवलेलं असतं. तीच भुकटी चीज वितळताना आड येते, सॉस एकजीव होत नाही, जिभेला खरखर लागते. माझ्या पहिल्या ट्रेचा एक गुन्हा हा होता.

चीज कोणतं, हे ठरवण्यात बाईंचा निम्मा जीव असे. मुख्य भाग शार्प चेडरचा. चेडर जितकं जुनं मुरतं तितकं तिखट, आंबूस आणि खमंग होतं, लोणच्यासारखंच. पण मुरलेल्या चीजमध्ये एक अडचण असते. त्यातल्या प्रथिनांची जाळी मोडत गेलेली असते, त्यामुळे जास्त आच लागली की तूप सुटतं आणि खाली रवाळ गोळे राहतात. नुसतं कोवळं चीज घेतलं तर छान वितळतं, ताणलं जातं, पण चव येत नाही. म्हणून बाई तीन भाग शार्प चेडर आणि एक भाग कोवळं माँटेरे जॅक घेत. पहिलं चवीला, दुसरं वितळायला. मी पुढे वर्षानुवर्षं इतर मिश्रणं करून पाहिली, महागडी स्विस चीजही घालून पाहिली. बाईंच्या हिशेबापुढे एकही टिकलं नाही.

चेडरचा केशरी रंग मला आधी खोटा वाटायचा. नंतर कळलं, तो शेंद्रीच्या बियांचा आहे. उन्हाळ्यात हिरव्या कुरणावर चरणाऱ्या गाईंच्या दुधाला पिवळी झाक असते, हिवाळ्यात ती जाते. बाराही महिने रंग सारखा दिसावा म्हणून चीज करणाऱ्यांनी शेंद्री वापरायला सुरुवात केली. यवतमाळला आमच्या शाळेच्या कुंपणाशी शेंद्रीचं झाड होतं, त्याच्या काटेरी बोंडांतल्या बिया चोळून आम्ही पोरी हात रंगवत असू. व्हर्जिनियातल्या स्वयंपाकघरात चीज किसताना ते झाड आठवेल, असं कधी वाटलं नव्हतं.

तीन महिन्यांनी मला मॅकरोनी उकडायला मिळाली. कोपरासारखी वाकलेली छोटी नळी, इंग्रजीत तिला ‘एल्बो’च म्हणतात. पाकिटावर आठ मिनिटं लिहिली असतील तर बाई साडेपाचला उतरवायच्या. दाताखाली मध्ये कच्ची लागली पाहिजे, कारण उरलेलं शिजणं ओव्हनमध्ये, दुधात व्हायचं असतं. पूर्ण शिजलेली मॅकरोनी दूध ओढत नाही. मग दूध खाली साचतं आणि नळ्या लगदा होतात. माझा दुसरा गुन्हा. पाणी खारट हवं, निथळल्यावर गार पाण्याखाली धरायची नाही, आणि गरम असतानाच तिच्यावर लोणी सोडून हलवायचं. मग बाजूला ठेवून कोमट होऊ द्यायची. ही कोमट होण्याची वेळ बाई कधी चुकवत नसत. घाई असली तर त्या दुसरं काम काढत, पण हात लावू देत नसत.

कारण पुढे अंडी येतात. इथे या पदार्थाची दोन घराणी आहेत. एक पांढऱ्या सॉसचं: लोण्यात मैदा परतायचा, दूध घालून घट्ट करायचं, त्यात चीज विरघळवायचं आणि मॅकरोनी घालून भाजायची. मैद्यातला स्टार्च चीजच्या प्रथिनांना गोळा होऊ देत नाही, त्यामुळे हा प्रकार मऊ, वाहता राहतो. दुसरं घराणं अंड्या-दुधाचं, दक्षिणेतल्या जुन्या घरांचं आणि बाईंचं. त्यात सॉस करायचाच नाही. अंडी, साधं दूध आणि डब्यातलं आटवलेलं दूध एकत्र फेटून मॅकरोनी-चीजच्या थरांवर ओतायचं. ओव्हनमध्ये ते खरवसासारखं धरतं. सुरीने वडी पाडता येते, आणि वडी उचलली की तिच्यातून चीजचे धागे ओढत येतात. मला हे दुसरंच आवडतं, आणि का ते मी सांगू शकते: खरवस खाऊन वाढलेल्या जिभेला ती धरलेली, थरथरती मऊ वडी ओळखीची वाटते.

आटवलेल्या दुधाला बाई आणि त्यांच्या वयाची सगळी माणसं ‘पेट मिल्क’ म्हणत. ते एका कंपनीचं नाव, पण आपल्याकडे वनस्पती तुपाला सगळे डालडा म्हणत तसं. या दुधातलं साठ टक्के पाणी काढलेलं असतं, साखर नसते. दूध दाट असल्यामुळे अंडी सावकाश आणि एकसारखी धरतात आणि चीज फुटत नाही. ज्या काळात गरीब घरांत बर्फाची पेटीही नव्हती, तेव्हा हा डबा फळीवर महिनोन्महिने टिकायचा. त्या गरजेतून तो पदार्थात शिरला आणि फ्रिज आल्यावरही राहिला, कारण तोवर चव त्याची झाली होती.

एका ट्रेचं बाईंचं प्रमाण असं. मॅकरोनी साडेचारशे ग्रॅम. चीज सातशे ग्रॅम. लोणी पाऊणशे ते शंभर ग्रॅम. तीन अंडी. आटवलेल्या दुधाचा एक डबा, म्हणजे साडेतीनशे मिलिलिटर, आणि दोन कप साधं दूध. मीठ चवीनुसार, पण जपून, कारण चीज खारट असतं. काळी मिरी भरपूर. मोहरीची पूड अर्धा चमचा. ती मोहरी म्हणून लागत नाही, चीजची चव वर काढते. किंचित लाल तिखट, आणि वरून रंगाला पॅप्रिका. ट्रेला लोणी लावून मॅकरोनीचा थर, चीजचा थर, पुन्हा मॅकरोनी, मग दूध-अंडं कडेकडेने ओतायचं आणि शेवटी उरलेलं चीज वर, अगदी काठापर्यंत. काठापर्यंत, कारण कडेला लागून खरपूस होणारी जी रेघ असते तिच्यासाठी माणसं रांगेत पुढे येतात.

वरून पावाचा चुरा घालणारी अमेरिकन घरं पुष्कळ आहेत. बाईंसमोर त्याचं नाव काढायची सोय नव्हती. पावाचा चुरा म्हणजे चीज कमी पडल्याची कबुली, हे त्यांचं मत. मी त्या मताशी सहमत आहे.

ओव्हन साडेतीनशे फॅरनहाइट, म्हणजे पावणेदोनशे सेल्सियसच्या आसपास. पस्तीस ते चाळीस मिनिटं. माझा तिसरा गुन्हा इथला. बारा वाजत आले होते म्हणून मी आच वाढवली होती. अंडी-दुधाचं मिश्रण ऐंशी सेल्सियसच्या बरंच पुढे गेलं की अंड्यातली प्रथिनं आवळतात आणि पाणी पिळून टाकतात. नासलेल्या दुधासारखं ते दिसतं, चवही तशीच लागते. अन्नसुरक्षेच्या सूचनांप्रमाणे अंडं घातलेला पदार्थ मध्यभागी एकशे साठ फॅरनहाइटला, एकाहत्तर सेल्सियसला, पोचलाच पाहिजे. म्हणजे एकाहत्तरच्या पुढे आणि ऐंशीच्या आत, एवढ्या अरुंद पट्ट्यात ट्रे बाहेर यायला हवा. केंद्रात थर्मामीटर टोचून आकडा लिहावा लागायचा. बाई आकडा लिहीत, पण ठरवत डोळ्याने. ट्रे धरून हलका धक्का द्यायच्या. कडा गप्प राहिल्या आणि मधला तळहाताएवढा भाग थरथरला, की बाहेर. मी दर गुरुवारी त्यांच्या आकड्यावर नजर ठेवून होते. अकरा वर्षांत त्यांचा धक्का आणि थर्मामीटर यांच्यात भांडण झालेलं मला आठवत नाही.

केंद्राची वर्षातून एक सहल असे. एका वर्षी बस माँटिचेलोला गेली. थॉमस जेफरसन या तिसऱ्या राष्ट्राध्यक्षाचं हे डोंगरावरचं घर, रिचमंडहून दीड तासाच्या आत पोचता येतं. जेफरसनने 1784मध्ये पॅरिसला जाताना जेम्स हेमिंग्ज नावाच्या आपल्या गुलामाला बरोबर नेलं, तिथल्या स्वयंपाक्यांच्या हाताखाली फ्रेंच पाककला शिकवायला. हेमिंग्जने स्वतःच्या पैशाने फ्रेंच भाषाही शिकून घेतली. फ्रान्समध्ये त्याला कायद्याने स्वातंत्र्य मागता आलं असतं, पण 1789मध्ये तो परतला. पुढे जेफरसनने लिहून दिलं, की तुझ्या जागी दुसरा स्वयंपाकी तयार केलास तर तुला मुक्त करीन. हेमिंग्जने धाकट्या भावाला, पीटरला, शिकवलं आणि 1796मध्ये तो मुक्त झाला. 1801मध्ये, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, त्याचा अंत झाला. त्यानंतरच्या वर्षी, 1802मध्ये, राष्ट्राध्यक्षांच्या मेजवानीत ‘मॅकरोनी नावाचा पाय (pie)’ वाढल्याची नोंद एका पाहुण्याने करून ठेवली आहे. तो पदार्थ त्याला फारसा रुचला नव्हता.

हा पदार्थ अमेरिकेत हेमिंग्जनेच आणला असं इथे सर्रास सांगतात. इतकं ठाम म्हणता येत नाही, कारण त्याच्या हातची मॅकरोनीची कृती कागदावर नाही. चीज घालून शिजवलेल्या मॅकरोनीच्या कृती इंग्लंडमध्येही त्याच्या आधीच्या आहेत. चौदाव्या शतकाच्या शेवटच्या एका इंग्रजी हस्तलिखितात चीज-लोण्याच्या थरांतली पिठाची पात आहे, आणि 1769च्या एका इंग्रजी पाकपुस्तकात मॅकरोनीवर चीज घालून तांबूस करायला सांगितलं आहे. पण हेमिंग्जच्या हस्ताक्षरातला एक कागद मात्र राहिला आहे. निघण्याआधी त्याने माँटिचेलोच्या स्वयंपाकघरातल्या भांड्यांची यादी करून दिली, तारीख 20 फेब्रुवारी 1796.

त्या यादीबद्दल ऐकून बाई कोळशाच्या विटांच्या शेगड्यांपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, “सगळं मोजून देऊन गेला. कुणी म्हणायला नको, की जाताना चमचा नेला.”

परत येताना बसमध्ये त्या बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. माझी आजी दुसऱ्यांच्या घरी सोवळ्यातला स्वयंपाक करायची. संध्याकाळी निघताना घासलेली भांडी मालकिणीसमोर एकेक मोजून ठेवायची, हे आईने मला सांगितलं होतं. दोन्ही गोष्टी एका मापाच्या नाहीत, हे मला माहीत आहे. माझी आजी रात्री स्वतःच्या घरी परत यायची. तरी त्या यादीतली भांडी मला दिसत राहिली.

रिचमंडचं या पदार्थाशी आणखी एक नातं आहे. मेरी रँडॉल्फ नावाच्या बाईने इथे खाणावळ चालवली आणि 1824मध्ये ‘द व्हर्जिनिया हाउसवाइफ’ हे पुस्तक छापलं. त्यात मॅकरोनी दूध-पाण्यात उकडून, चीज आणि लोण्याचे थर देऊन भाजायची चार ओळींची कृती आहे. अंडं नाही, मैदा नाही. पुस्तकावर नाव तिचं, पण तिच्या घरातल्या चुलीशी राबणारी माणसं गुलाम होती. त्या माणसांच्या लेकी-नातींनी पुढे ही मॅकरोनी स्वतःच्या घरी, स्वतःच्या चर्चमध्ये, रविवारच्या जेवणात नेली. बाईंच्या ट्रेपर्यंत ती पुस्तकातून आली नव्हती. आईकडून, आईच्या आईकडून आली होती. कागद कुठेच नव्हता.

आपल्या मुलांना मॅक-अँड-चीज म्हणून जे माहीत आहे, ते निळ्या खोक्यातलं. क्राफ्ट कंपनीने 1937मध्ये ते बाजारात आणलं: चार जणांपुरतं, एकोणीस सेंटला, मंदीच्या दिवसांत. त्याने खूप घरं जगवली, त्याला नावं ठेवायचं माझ्या मनात नाही. दुसरी आठवण केंद्रातली माणसं काढत ती सरकारी चीजची. दुधाचे भाव पडू नयेत म्हणून सरकारने विकत घेऊन कोठारांत साठवलेलं चीज 1981च्या अखेरीस गरिबांना वाटायला सुरुवात झाली. पाच-पाच पौंडांच्या विटा. रांगेत उभं राहून ती घ्यायला लाज वाटायची, हे सांगणारेच लगेच म्हणायचे, की त्या चीजची मॅकरोनी मात्र फार सुरेख व्हायची. ते प्रक्रिया केलेलं चीज होतं, फुटत नसे, म्हणून. हॅटवाले आजोबा म्हणायचे, बायकोने त्या विटेचा एक तुकडा शेजारणीला दिल्याशिवाय कधी किसायला घेतला नाही.

माझ्या सातव्या वर्षी केंद्राचा कारभार बदलला. नव्या व्यवस्थापनाने खर्च मोजला आणि गुरुवारची मॅकरोनी भुकटीच्या सॉसची करायचं ठरवलं. पोतं आलं, गरम पाण्यात कालवायचं, दहा मिनिटांत तयार. मला त्या निर्णयाचा तेव्हाही राग आला आणि आजही येतो. त्या माणसांपैकी कित्येकांचं दिवसातलं ते एकच गरम जेवण होतं. संध्याकाळी घरी जाऊन ती बिस्किटं खाणार, हे आम्हाला ठाऊक होतं. ज्या पदार्थाला ती आयुष्यभर ‘कोणी केला’ असं विचारत आली, त्याच्या जागी कोणीच न केलेला पदार्थ ठेवायचा? बाई ऑफिसात भांडायला गेल्या नाहीत. त्यांनी तीन गुरुवार परत आलेल्या ताटांतली मॅकरोनी वजनकाट्यावर ठेवली, आकडे वहीत लिहिले आणि वही टेबलावर ठेवून आल्या. फेकलेल्या अन्नाचा हिशेब चीजच्या हिशेबापेक्षा महाग पडत होता. चौथ्या गुरुवारी किसणी परत बाहेर आली.

बाई निवृत्त झाल्या त्या वर्षी त्यांनी मला थँक्सगिव्हिंगला घरी बोलावलं. आधीही बोलावत. मी कधी पुलाव, कधी गाजराचा हलवा न्यायचे, सगळे कौतुकाने खायचे. या वेळी फोनवर त्या म्हणाल्या, “बेबी, हात दुखतात माझे. मॅकरोनी तू आण.” मी विचारलं, तुमच्या लेकी? “त्या आहेत ग. तू आण.”

रात्री मला झोप आली नाही. पहाटे चारला उठून चीज किसलं. तिथे पोचले तर टेबल भरलेलं: टर्की, हॅम, रताळी, कॉलर्ड, तळलेली भेंडी. माझा ट्रे बाईंनी स्वतः मध्ये ठेवला. त्यांचे ऐंशीच्या घरातले मोठे भाऊ हातात ताट घेऊन आले, ट्रेसमोर थांबले आणि त्यांनी विचारलं. टेबलाभोवतीची सगळी माणसं गप्प झाली. बाई म्हणाल्या, “हिने केली. मी शिकवलंय.” भावांनी माझ्याकडे पाहिलं, ट्रेकडे पाहिलं, आणि चमचा उचलून कोपऱ्यातली वडी घेतली. मग दुसऱ्या कोपऱ्यातली घेतली.

दोन वर्षांपूर्वी यवतमाळला गेले तेव्हा वहिनीने हट्ट धरला, तिकडची मॅकरोनी कर. आम्ही लहान असताना मुंबईच्या मावशीकडे गेलो की अननसाचे तुकडे घातलेली बेक्ड मॅकरोनी मिळायची, गोडसर, पांढऱ्या सॉसमधली. वहिनीला वाटलं तीच. मी तिला बाईंची करून दाखवली, गोल अॅल्युमिनियमच्या ओव्हनमध्ये, ज्यात आई नानकटाई भाजायची. आटवलेल्या दुधाचा डबा नव्हता, म्हणून म्हशीचं लिटरभर दूध मंद आचेवर निम्म्याच्याही खाली आणलं; बासुंदीच्या वाटेवर, साखर न घालता. शार्प चेडर गावात नव्हतं, मुलीने पुण्याहून आणलं. ते थोडं आणि आपलं नेहमीचं डब्यातलं प्रोसेस्ड चीज जास्त, असं मिश्रण केलं. अंडं न खाणाऱ्या काकूंसाठी वेगळं छोटं भांडं पांढऱ्या सॉसचं केलं.

आई नव्वदीला टेकलेली. तिने मॅकरोनीची एक कच्ची नळी चिमटीत धरून उजेडाकडे केली. “हे तर सरगुंडे,” ती म्हणाली. आमच्याकडे उन्हाळ्यात बायका गव्हाच्या पिठाची बारीक वळी काडीवर गुंडाळून तळहाताने फिरवतात. काडी ओढली की पोकळ नळी राहते, ती शिजवून आंब्याच्या रसाबरोबर जावयाला वाढतात. मॅकरोनी ज्या ड्युरम गव्हाची करतात, तो आपला बन्सीच. आईने सरगुंडे केले त्याला वीस वर्षं झाली असतील. वडी खाऊन तिने हात धुतले आणि विचारलं, “तुला कोणी शिकवलं?” मी बाईंचं नाव सांगितलं. तिला ते नीट उच्चारता आलं नाही, तरी तिने दोनदा म्हणून पाहिलं.

बाई गेल्या मार्चमध्ये गेल्या. अंत्यविधीनंतरच्या जेवणासाठी त्यांच्या मोठ्या लेकीचा फोन आला. तिने किती माणसं असतील आणि किती ट्रे लागतील एवढंच सांगितलं. मी सहा ट्रे केले. सव्वाचार किलो चीज, सगळं हाताने किसलेलं.

तुम्ही घरी करणार असाल तर पहिल्यांदा यातलं काही बदलू नका. कांदा नको, हिरवी मिरची नको, फोडणी तर नकोच. दुसऱ्यांदा करताना हवं ते घाला. चीज स्वतः किसा, मॅकरोनी अर्धी कच्ची उतरवा, आणि ट्रे बाहेर काढल्यावर वीस मिनिटं त्याला हात लावू नका. कुणी कितीही घाई केली तरी.